शाब्बास, अगदी बरोबर

सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता आणि विज्ञानाच्या बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून स्वतःचंच शिकवणं ऐकत बसल्या होत्या. फळा होता तिथे आता पांढरा पडदा आला होता. पडद्यावर बेडकाचं चित्र, आणि दोन्ही भिंतींवरच्या स्पीकरमधून बाईंचाच आवाज. गोड, मोकळा, शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता पोचणारा. तो आवाज आता फक्त तिथेच उरला होता. तास सुरू झाला की बटण दाबायचं, घंटा झाली की बंद करायचं आणि मधे कुणी कुणाची वेणी ओढली तर डोळे वटारायचे, एवढंच बाईंच्या वाट्याला राहिलं होतं. डोळे वटारायला आवाज लागत नाही.

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर त्यांना 'रेडिओबाई' म्हणत. "काय रेडिओबाई, आज प्रक्षेपण कसं झालं?" असं विचारून ते स्वतःच हसत. माणूस वाईट नव्हता, पण एकदा एखादा विनोद सापडला की तो झिजून भोकं पडेपर्यंत वापरायची त्यांना सवय होती. बाई मान हलवत आणि चहा पीत. बाईंवर ही वेळ आणली कुणी, असं विचाराल तर त्यांनीच आणली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

सुरुवात किती साधी होती. वर्गातल्या एका मुलीचा पाय मोडला आणि ती महिनाभर घरी अडकली. तिच्यासाठी म्हणून बाईंनी एक ब्लॉग उघडला. त्या काळी शाळेत एकच संगणक होता, तो कार्यालयात प्लास्टिकच्या आवरणाखाली झोपलेला असायचा आणि पाहुणे आले की उठायचा. त्यामुळे बाईंनी सगळं घरूनच केलं. फळ्याचे फोटो, मेणबत्ती आणि बशीचे प्रयोग, पेशी जवळून दाखवणाऱ्या वेबसाइटचे पत्ते, खाली दोन-चार प्रश्न. पाय मोडलेली मुलगी एकटीच वाचेल असं वाटलं होतं, पण आठवड्याभरात सगळा वर्ग तिथे. ज्यांचे पाय धडधाकट होते तेही प्रयोग करून खाली लिहायला लागले. एकाने लिहिलं, "बाई, माझा फुगा फुटला. आता?" बाईंनी उत्तर दिलं, "दुसरा घे. पण आधी पहिला का फुटला ते लिही." त्या एका प्रश्नावर मुलांनी इतकं भांडून घेतलं की खाली धड्यापेक्षा मोठा मजकूर झाला. बाईंना वाटलं, आपण शिक्षक झालो ते याच दिवसासाठी.

मग मुलं म्हणाली, बाई, तुमचा आवाज टाका ना. झालं. बाई रेकॉर्डिंगला बसल्या, तर घरात कुठेही बसलं तरी काहीतरी मधे यायचं. मिक्सर, शेजारच्यांची स्कूटर, सासूबाईंचा खोकला. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, आणि काचांखेरीज जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर त्याला सल्ला देता यायचा. तो म्हणाला, "कपड्यांत आवाज मुरतो. कपाटात बस." हा सल्ला मात्र खरा निघाला. बाई त्याच्या टांगलेल्या शर्टांखाली उशी टाकून बसत, दार ओढून घेत आणि मोबाइलच्या उजेडात धडा बोलत. शेजारीण यायची. "सूनबाई कुठंय?" "कपाटात आहे," सासूबाई सांगायच्या, आणि शेजारीण पुढचं काही न विचारता जायची.

त्या अंधारात बाईंना वर्ग दिसायचा. पहिलं बाक, खिडकीजवळची चुळबुळ, शेवटच्या ओळीतली झोप. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या, कारण वर्गात थांबायची सवय होती. मनातल्या मनात हात वर व्हायचे, कुणीतरी उत्तर द्यायचं आणि बाई आनंदाने म्हणायच्या, "शाब्बास! अगदी बरोबर." आणि पुढे जायच्या. प्रत्येक धड्यात चार-सहा वेळा तरी. कपाटातली मुलं फार हुशार होती, त्यांचं उत्तर कधी चुकलंच नाही.

नंतर घसा बसला. आज बरा होईल, उद्या बरा होईल, म्हणत बाई वर्गात ओरडत राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याचं सांगितलं. शिकवणाऱ्यांना होतातच म्हणाले, सर्दी झाल्यासारखं. ऑपरेशन झालं, आणि त्यावर बरेच दिवस एक शब्दही बोलायचा नाही असा हुकूम. घरात बाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. नवरा म्हणाला, "या घरात पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा." सासूबाई म्हणाल्या, "आणि तो ऐकला कुणी?" बाईंना हसायचीही बंदी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

इकडे शाळेत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मार्ग काढला. शाळेला नुकतेच पडदे मिळाले होते. विज्ञानाच्या तासाला बाईंचा ब्लॉगच लावून द्यायचा, म्हणजे बाईंची नोकरीही शाबूत आणि मुलांचा अभ्यासही. मोठ्या बाईंच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्या भल्या होत्या, आणि भल्या माणसाच्या तावडीतून सुटणं फार कठीण असतं. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आणि जमलं की हो. मुलं गप्प बसू लागली. धडा घंटेच्या ठोक्याला संपू लागला. तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसून खूश होऊन गेले. मग संस्थेच्या बाकीच्या शाळांनीही तेच धडे लावले. कुणी ब्लॉगवर खाली काहीबाही लिहिलं, म्हणून मुलांनी लिहायची जागा मोठ्या बाईंनी बंद करून टाकली. फुगा फुटला तर आता कुणाला सांगायचं नाही. प्रत्येक पडद्याशेजारी एक पाटी आली: 'धडा अडकल्यास डिजिटल कक्षाला फोन करावा.' डिजिटल कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे मोडके बाक आणि फाटके नकाशे ठेवत. आता तिथे एक टेबल, संगणक आणि फोन आला होता, खिडकी मात्र आली नव्हती.

बाईंचा आवाज परत आला तेव्हा तो त्यांचा राहिला नव्हता. फरशीवरून खुर्ची ओढावी तसा खरखरीत निघायचा. डॉक्टर म्हणाले, "बोला, फक्त ओरडू नका. आता आवाज हाच." बाई वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, "बसा." पहिल्या बाकावर खुदकन कुणीतरी हसलं. मुलंच ती, त्यांनी तरी काय करावं? पण बाईंच्या ते असं जिव्हारी लागलं की त्या वळल्या आणि त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. त्या दिवसापासून दाबतच होत्या. मोठ्या बाईंनी त्यांना अडकवलं हे खरं, पण दाराला आतून कडी बाईंनीच घातली होती, आणि हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं. मनात लाज होती, आणि त्या पडद्यावरच्या बाईचा राग होता. कानामागून आली आणि तिखट झाली. आली तीही आपल्याच गळ्यातून.

बाईंना जाग आणली ती सासूबाईंनी.

सासूबाईंना हल्ली दिसायचं कमी. दुपारी वेळ जाईना, म्हणून बाईंच्या नवऱ्याने त्यांना मोबाइलवर ब्लॉग लावायला शिकवला. सुनेचा जुना आवाज ऐकला की बरं वाटतं, असं त्या उघड म्हणत. त्यांना कुणाचं मन राखायची सवय नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी बाई आत कपड्यांच्या घड्या करत होत्या आणि बाहेर धडा चालला होता. थंड पाण्याच्या ग्लासाचा.

"ग्लासात बर्फ टाकला," मोबाइलमधली बाई सांगत होती, "आणि थोड्या वेळाने बघा, ग्लास बाहेरून ओला. आता सांगा, हे बाहेरचं पाणी कुठून आलं बरं?"

"गळत असेल," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "फुटका ग्लास घेतलाय मेलीने."

"शाब्बास! अगदी बरोबर."

सासूबाई खुर्चीत टेकून बसल्या. पुढे हवेतल्या वाफेबद्दल बरंच काही सांगितलं गेलं, पण त्यांनी ते ऐकलं नाही. शाब्बासकी मिळाल्यावर ऐकायचं कशाला? बाई हातातला टॉवेल तसाच धरून दारात आल्या.

"आई, तुमचं उत्तर चुकलं."

"चुकलं कसं? तूच तर म्हणालीस बरोबर."

"ते मी नाही म्हटलं."

"मग कोण म्हणालं?" सासूबाईंनी मोबाइल पुढे केला. "हिला विचार. ही माझ्याशी नेहमी चांगलं बोलते. परवा म्हटलं, झाडं नाकाने श्वास घेतात, तरी म्हणाली शाब्बास. तू आपली उगाच."

बाईंना हसावं की रडावं कळेना. हसल्या आधी. मग टॉवेलची घडी घालता घालता त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला. घरात सासूबाई एकट्या होत्या. शाळाशाळांतून मुलं किती असतील?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्याकडे पाठ केली आणि प्रथमच नीट मुलांकडे पाहिलं. पडद्यावरच्या बाईने विचारलं, "हृदयाचं काम काय बरं?" वर्ग थांबला. कुणी विचार करत नव्हतं. कुणी नखं पाहत होतं, कुणी पेन्सिलीला टोक काढत होतं. खिडकीजवळचा एक जण मजेत म्हणाला, "चपात्या लाटणं!" "शाब्बास! अगदी बरोबर," पडदा म्हणाला. कुणी हसलंसुद्धा नाही, इतका तो विनोद शिळा झाला होता. चष्मेवाली म्हणून एक मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची, पूर्वी जी एका प्रश्नाला तीन प्रश्न परत करायची, ती मान थोडी कलती करून नुसती वाट बघत होती. पाऊस थांबायची वाट बघावी तशी. प्रश्न आला की गप्प बसायचं, तो आपोआप निघून जातो, हे सबंध वर्गाला पाठ झालं होतं. बाकी काही पाठ झालं असो वा नसो.

बाई त्याच दिवशी मोठ्या बाईंकडे गेल्या.

"मॅडम, ते धडे बंद करायला हवेत. मुलांचं उत्तर चुकलं तरी ती शाब्बासच म्हणते. उत्तर दिलं नाही तरीसुद्धा."

"ती कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. "बसा आधी. किती खरखरतोय आवाज. अहो, शाब्बास म्हटलं तर त्यात वाईट काय झालं? मुलांचा हुरूप वाढतो. पालक केवढे खूश आहेत. परवा एक आई सांगत होती, माझ्या मुलाला या शाळेत कुणी कधी चुकलास म्हणत नाही."

"तेच तर."

"बाई," मोठ्या बाईंनी आवाज मऊ केला, "तुम्हाला आनंदाची बातमी द्यायचीच होती. संस्था तुम्हाला डिजिटल कक्षाची प्रमुख करणार आहे. वर्ग नाही, गोंगाट नाही, घशाला आराम. सगळ्या शाळांचं काम तुमच्या हाताखाली. वर्गावर नुसतं बटण दाबायला कुणालाही बसवता येईल."

जिन्याखालची ती खोली बाईंच्या डोळ्यांपुढे आली. नकाशे टांगायचे खिळे अजून भिंतीत होते.

"मला वर्ग हवाय," बाई म्हणाल्या. "सातवी. माझ्याच आवाजात शिकवीन."

मोठ्या बाईंना वाईट वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. बराच वेळ त्या पेन उघडत आणि मिटत राहिल्या. "एक तास घेऊन दाखवा. मी मागे बसते. मुलं शांत राहिली आणि धडा घंटेच्या आत पुरा झाला, तर सातवी तुमची. नाहीतर माझं ऐकायचं."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी ग्लासाचाच धडा निवडला. तासाच्या दिवशी घरून स्टीलचा ग्लास आणला, बाटलीत बर्फ आणला आणि पडदा गुंडाळून वर केला. मागचा फळा उघडा पडला. त्यावर कुणीतरी कधी काळी अर्धवट पुसलेली बेरीज अजून होती.

"आज मी बोलणार आहे," बाई म्हणाल्या, आणि खुदखुद सुरू झाली. बाईंनी ती होऊ दिली. "हसून घ्या. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "खोटं सांगितलं. रडू आलं होतं."

वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकावर मोठ्या बाईंनीही मान वर केली. धडा सुरू झाला. ग्लास कोरडा पुसून बाईंनी सगळ्या बाकांवरून फिरवला, सगळ्यांनी बोट लावून पाहिलं. मग बर्फ टाकला, ग्लास टेबलावर ठेवला. बाई अगदी हळू बोलत होत्या आणि त्यामुळेच मुलं पुढे वाकून ऐकत होती. घशात काटे होते, पण बाईंना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने ग्लासावर बारीक थेंब उभे राहिले आणि एक ओघळ खाली सरकला.

"हे बाहेरचं पाणी कुठून आलं?"

वर्ग थांबला.

बाईही थांबल्या. कपाटात थांबायच्या तेवढं थांबून झालं, त्याच्यापुढेही त्या थांबल्या. मुलं मान कलती करून तशीच वाट बघत होती. खिडकीजवळचा चुळबुळला. कुणी ग्लासाकडे बघत नव्हतं. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"कुणीही सांगा. चुकलं तरी चालेल."

कुणी काही सांगेना. मागे मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. धडा अजून अर्धा राहिला होता. मग पहिल्या बाकावरून एक मुलगी, अगदी आर्जवाने, मदत करावी तशी म्हणाली, "बाई, शाब्बास म्हणा ना. मग पुढचं सुरू होतं."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका शब्दाचा प्रश्न होता. तो म्हटला की वाफ, हवा, थेंब सगळं भराभर सांगून होणार, घंटेच्या आत धडा संपणार, वर्ग तर शांत होताच, आणि सातवी त्यांची. शब्द जिभेवर आला होता. इतक्या वेळा म्हटलेला, इतका सोपा. इकडे आड तिकडे विहीर म्हणावं, तर आडात निदान पाणी तरी असतं. हा शब्द म्हटला तर बाई वर्गात राहणार, पण राहणार ती पडद्यावरचीच.

त्या म्हणाल्या नाहीत. ग्लास उचलून त्यांनी टेबलाच्या कडेला, मुलांच्या जवळ आणून ठेवला आणि उभ्या राहिल्या. चष्मेवालीने एकदाच ग्लासाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. घंटा झाली.

मोठ्या बाई त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत चालत आल्या. "मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "मुलं बिचारी गप्पच बसली. तुमचं बोलणं ऐकूच गेलं नसेल त्यांना. बघा ना, धडाही राहिला. उद्या त्यांना तो पडद्यावर परत लावून देऊ."

"त्यांना ऐकू गेलं होतं," बाई म्हणाल्या. पण पायऱ्यांवर मुलांची एवढी झुंबड होती की मोठ्या बाईंना तेच ऐकू गेलं नाही.

घरी नवऱ्याला आनंद झाला. प्रमुख झालीस म्हणाला. सासूबाईंनी विचारलं, "मग आता बोलायला कोण असेल तिथं?" "कुणी नाही," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी मोबाइल उशीखाली सारला आणि म्हणाल्या, "तूच सांग काहीतरी. तो ग्लास गळत नव्हता, तर पाणी आलं कुठून?" बाईंनी सांगितलं नाही. एक ग्लास भरून, बर्फ टाकून त्यांच्या हातात दिला. सासूबाई बराच वेळ त्याला बोटं लावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळा भरायच्या कितीतरी आधी येऊन जिन्याखाली बसल्या. डोक्यावरून मुलं वर जायला लागली की छताची धूळ संगणकावर पडायची. बाईंनी ग्लासाचा धडा उघडला. संगणकावर आवाज दिसतो. बोलणं म्हणजे दाट रेघांचे उंचवटे, गप्प बसणं म्हणजे सपाट रेघ. प्रत्येक प्रश्नानंतर एक छोटी सपाट रेघ आणि तिच्या पुढे दोन ठरावीक उंचवटे, एक बुटका, एक लांब. शाब्बास, अगदी बरोबर. ते ऐकायचीही गरज नव्हती, नुसते दिसत होते. बाईंनी ते उचलले आणि पुसले. एक, मग दुसरा. आपलाच आनंदी आवाज आपल्याच हाताने पुसताना गलबलून आलं, कारण कपाटात बसून तो त्यांनी खोटा काढला नव्हता. ज्या मुलांना म्हटलं ती मुलंच तिथे नव्हती, एवढंच.

मग त्यांनी प्रश्नापाशी धड्याचे दोन तुकडे केले. पहिला सगळ्यांना उघडा. दुसऱ्याला कुलूप, आणि किल्ली डिजिटल कक्षात. मोठ्या बाईंनीच सगळ्या शाळांचं काम त्यांच्या हाताखाली दिलं होतं, तेव्हा कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

सातवीचा तास सुरू झाला. बाई फोनकडे बघत बसल्या. तो वाजला.

"रेडिओबाई," चित्रकलेचे सर होते, बटण दाबायला आता त्यांना बसवलं होतं. "तुमचा रेडिओ बंद पडला. धडा अडकलाय."

"अडकला नाही, सर. तिने प्रश्न विचारलाय. मुलांनी काय उत्तर दिलं?"

"मुलांनी?" सर गोंधळले. "मुलांनी कशाला? अहो, ती दर वेळी शाब्बास म्हणते ना?"

"आज नाही म्हणणार. विचारा त्यांना, मग सांगा मला."

फोन ठेवला गेला. बाई थांबल्या. वरून कुणी धावत गेल्याचा आवाज आला, धावत परत आल्याचा आला. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार उघडल्यासारखं वाटलं. फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी पलीकडे सर नव्हते.

"बाई, मी बोलतेय." चष्मेवालीला धाप लागली होती. "सरांनी फोन दिलाय. मी पाण्याच्या कूलरवरून बाटली भरून आणली. ती पण ओली होते बाहेरून."

"मग?"

"हा खिडकीजवळचा म्हणतो गळते. पण गळत नाही. आम्ही पुसून कागदावर ठेवली. खाली कागद कोरडाच आहे, आणि बाटली वरती परत ओली झाली. झाकणाजवळ पाणीच नाही आत, तरी तिथे पण ओली आहे."

बाईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "मग पाणी कुठून येतंय?"

पलीकडे शांतता. पण ही शांतता निराळी होती. तिच्यात कुजबुज होती, बाक सरकत होते, कुणीतरी "थांब, मला बघू दे" म्हणत होतं, आणि सर कुणाला तरी "बाटली इकडे आण रे जरा" असं म्हणत होते.

"माहीत नाही," चष्मेवाली शेवटी म्हणाली. "बाई, तुम्ही सांगा ना."

जिन्यावर चपला वाजू लागल्या. शाळेत सगळ्यांना ओळखू येणाऱ्या, सावकाश, भल्या चपला. त्या एकेक पायरी खाली येत होत्या.

"बाई, आहात ना?"

"आहे," बाई त्यांच्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "सावकाश विचार करा. मी कुठे जाणार आहे?"